मायच्या तिथीचा काळोख

एकोडी,
१२ जानेवारी २०२६

धनंजय,

आधी 'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. तुला आशीर्वाद देण्याचा हक्क मला राहिला आहे की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहितो.

पत्ता तुझ्या पुतणीने, रीताने दिला. ती आता नागपूरला शिकते. तुझा रायपूरचा स्टुडिओ तिने मोबाईलवर शोधला आणि तू काढलेले आकाशाचे फोटो मला दाखवले. एका फोटोत तलाव होता आणि त्याच्या पाळीवर आकाशगंगा उभी होती. मी विचारलं, "हा आपला तलाव काय गं?" ती म्हणाली, "नाही जी बाबा, हा छत्तीसगडातला आहे." पण बांधाची पाळ अगदी तशीच होती, मध्ये खचलेली.

तू म्हणशील, चौदा वर्षांनी पत्र कशाला, फोन करायचा. फोनवर मला काहीबाही बोलून वेळ मारून नेता येते. कागदावर तसं होत नाही, हात थांबतो.

काम एवढंच. मायची तिथी फाल्गुन अमावास्येची. यंदा ती १८ मार्चला येते आणि दुसऱ्या दिवशी उजाडता पाडवा आहे. श्राद्धाला ये असं मी म्हणत नाही. तेराव्याच्या दिवशी तू ज्या पावलांनी गेलास, त्यानंतर तसं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मी तुला आकाशासाठी बोलावतो आहे. चौदा वर्षं मी हे श्राद्ध करतो, पण एक गोष्ट मला यंदा तुझे फोटो पाहिल्यावर कळली. तिथी अमावास्येची, म्हणजे दर वर्षी मायच्या रात्री चंद्र नसतोच. तुला जशी रात्र लागते तशीच.

घरी सगळं ठीक. तुझी वहिनी पुष्पा बरी आहे. दिवाळीच्या सफाईत तिने माळ्यावरचा जुना रेडिओ भंगारात द्यायला काढला होता. मी देऊ दिला नाही. बाकी विशेष नाही.

सेवकराम


एकोडी,
१ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

धनंजय,

रीताच्या मोबाईलवर तुझा निरोप आला. तिने मला फोनवरून वाचून दाखवला: "तिथं आता काळोख कुठं आहे? मायच्या नावाचा दिवा लागला म्हणे पाळीवर."

लागला आहे. सहा वर्षं झाली. महादेवाच्या देवळापाशी हायमास्टचा उंच खांब उभा आहे, त्याच्या चौथऱ्यावर 'कै. बायजाबाई यांच्या स्मरणार्थ' अशी फरशी आहे. तो लावून घ्यायला ग्रामपंचायतीत सर्वांत जास्त खेटे मीच घातले. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मी ऐकून घेतलं.

सकाळी तिने तुझ्या अटीही फोनवर सांगितल्या, मी लिहून घेतल्या. रात्री अडीच ते पावणेपाच दिवा बंद पाहिजे. पाळीवर कोणी मोबाईल काढायचा नाही. उजेड लागलाच तर लाल कागद लावलेला. आठ दिवस आधीपासून कोणी पालापाचोळा जाळायचा नाही, कारण धूर वर जाऊन बसतो. आणि शेवटची अट: "मी कोणाशी बोलणार नाही."

सगळ्या कबूल. शेवटची तर मीच घातली असती.

बाकीच्या अटींसाठी मीही हिशेब मांडून पाहिला. पावसाळ्यात तर आभाळच नसतं. दिवाळीनंतर धान चुरण्याची, मळणीची धूळ, मग तलावावरचं धुकं. एप्रिलमध्ये मोहाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर. मे महिन्यात वादळ. म्हणजे फाल्गुनातली अमावास्या हीच एक रात्र उरते. पहाटे तीननंतर अनुराधा, ज्येष्ठा, मूळ ही नक्षत्रं दक्षिणेकडून वर आलेली असतात आणि तुझी आकाशगंगा तिथेच दाट असते, असं रीता म्हणाली. लोक मला तिथी-नक्षत्र विचारायला येतात. मीही पानं उलटून सांगतो. पण ज्येष्ठा कुठे असते ते वर मान करून मी कधी पाहिलं नव्हतं.

माय गेली त्या सालीही तू असाच हिशेब मांडून पाळीवर बसला होतास. आणि माय चार वाजता मोहाची फुलं वेचायला तुझ्यासमोरून गेली. तेराव्याला तू साऱ्या पंगतीसमोर सांगितलंस ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मी तिले म्हटलं, माय, बॅटरी नको लावू, फोटो चालू आहे. ती हासली. म्हणाली, नाही लावत बाबा, तुझे तारे विझतीन." असं सांगून तू रडलास. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मंग मण्यार डसली ते तुझ्या फोटोपायी डसली."

ते वाक्य माझंच आहे. ते मी नाकारत नाही. आज पौर्णिमा आहे, बाहेर एवढा उजेड आहे की अंगणात धान मोजता येईल. आज याहून जास्त लिहवत नाही.

सेवकराम


एकोडी,
१८ फेब्रुवारी

धनंजय,

रविवारी महाशिवरात्र झाली आणि काल पहाटे अमावास्येची रंगीत तालीम केली. ग्रामपंचायतीचा परसराम तुला आठवत असेल, हायमास्टच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे असते. त्याला अडीच वाजता उठवलं. तो कांबळं पांघरून आला आणि म्हणाला,

"सेवकभाऊ, अमावास्येच्या राती दिवा विझवून तुम्ही इथं बसान, तं लोक म्हणतीन का जादूटोणा शिकून राहिले."

"म्हणा त्यायले, तारे पाहून राहिले."

"ते तं अजून खराब. पन्नाशीत?"

त्याने खटका पाडला. पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मी सहा वर्षं त्या दिव्याखाली राहिलो आहे. हात लावून देवळाची पायरी शोधली आणि बसलो. मग हळूहळू आकाश दिसायला लागलं. एकदम नाही. भिजत घातलेले तांदूळ फुगतात तसं. उत्तरेकडून वायव्येला कललेलं सप्तर्षींचं खाटलं दिसलं. माय सांगायची ना, चार तारे म्हणजे बुढीचं खाटलं आणि मागचे तीन म्हणजे ते चोरायला आलेले चोर. आणि आग्नेयेला लाल तारा. परसरामला म्हटलं, ती ज्येष्ठा. तो म्हणाला, "मोटारीच्या स्टार्टरचा लाइट वाटते मले तं."

त्याचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. उन्हाळी धानाच्या शेतांत, बांध्याबांध्यांत खरोखरच पाण्याच्या मोटारींचे लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते. चार आपल्या बाजूचे आहेत. त्यांच्यावर पोती टाकायचं ठरवलं. हायवेकडच्या बाजूला साकोलीचा उजेड आहे, तो मात्र माझ्या हातचा नाही. दव फार पडलं, माझा चष्मा दोनदा पुसावा लागला. मार्चमध्ये दव कमी असेल.

साडेचारला परसरामने दिवा लावला आणि सगळं गेलं. तुला दिव्याचा राग का आला ते मला त्या वेळी कळलं. पण मोहाच्या दिवसांत त्याच दिव्याखालून बाया फुलं वेचायला जातात, हेही मला त्याच वेळी आठवलं. मार्चमधल्या त्या पहाटे मोहा पडायला लागलेला असणार. त्या बायांना मी अजून विचारलेलं नाही.

सेवकराम


एकोडी,
५ मार्च

धनंजय,

परवा होळीच्या पुनवेचा चंद्र उगवला तो ग्रहण लागलेलाच. अर्धवट काळा. मी स्नान करून देवळात बसलो. सुटेपर्यंत जप केला, पण मन लागलं नाही.

काल बायांना विचारलं. दिव्याखाली दहा-बारा जमल्या होत्या. दहा दिवसांत मोहा पडायला लागेल म्हणून टोपल्या सारवून ठेवल्या होत्या. सुलोचनाबाई पुढे होती. मायची जोडीदारीण, तू तिला काकू म्हणायचास. आता सत्तरीची आहे, पण आवाज तोच.

मी म्हटलं, पाडव्याच्या पहाटे अडीच ते पावणेपाच दिवा बंद ठेवू.

ती म्हणाली, "आनं आमी? मोहा काय तुमचं पंचांग पाहून पडते? चार वाजता नाही गेलो तं उजाडता गाई साफ करतात."

"एका दिवसाचा प्रश्न आहे काकू."

"किडा एका दिवसातच डसते बाप्पा. या दिव्यानं सहा वर्सात एका बाईले काई झालं नाही. तुमच्या मायच्या नावाचा दिवा, आनं तुमीच विझवून राहिले?"

मग कोणीतरी मागून म्हणालं, धनंजयसाठी चाललं आहे हे. तेव्हा ती माझ्या जवळ आली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्यानं बायजाले बॅटरी लावू नाही देल्ली, त्याच्यासाठी? काहून जी सेवकभाऊ?"

खरं उत्तर माझ्याकडे होतं. ते देता आलं नाही.

बायांनी नाही म्हटलं आहे. त्यांचं चुकलेलं नाही. तुला कळवलं पाहिजे म्हणून लिहितो. दिवा विझला नाही तर तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे.

सेवकराम


एकोडी,
८ मार्च

धनंजय,

हे पत्र एकटा असताना वाच.

आपल्या घरात बॅटरी एकच होती, पत्र्याची, दोन मोठ्या सेलची. माय रोज पहाटे ती घेऊन मोहावर जायची. ती गेली त्याच्या आदल्या रात्री माझ्या रेडिओचे सेल संपले. सकाळी सहाची भक्तिगीतं चुकवायची नाहीत असा माझा नेम होता, तुला ठाऊक आहे. दुकान बंद झालेलं. मी खुंटीवरच्या बॅटरीतले सेल काढून रेडिओत घातले. पहाटे माय उठायच्या आत परत घालू, असं मनाशी म्हटलं. आणि झोपलो.

ती चारच्या आधीच उठली. मला उठवलं नाही. खुंटीवरची बॅटरी घेतली आणि गेली. बाहेर गेल्यावर तिने खटका दाबून पाहिला असेल. लागली नाही. तरी परत आली नाही, कारण वाट पायाखालची होती आणि उशीर झाला तर गाई खातात.

ती तुझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्या हातात रिकामी बॅटरी होती, धनंजय. तू म्हणालास लावू नको. ती म्हणाली, नाही लावत बाबा. तिच्याकडे लावायला काहीच नव्हतं. तू काही म्हटलं नसतंस तरी उजेड पडलाच नसता. ती तुला तसं सांगू शकली असती. सांगितलं नाही. तुझ्यासाठी काहीतरी करते आहे, असं तुला वाटू दिलं असेल. तिचा स्वभाव तसा होता.

हे मला कसं ठाऊक, ते आता लिहितो. ती सहाला परत आली. अर्धी टोपली भरली होती. ओट्यावर बसली आणि बॅटरी माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "सेवक, बॅटरी पेटलीच नाही रे. सेल कोणं काढले?" माझ्याशेजारी रेडिओ चालू होता. मी लगेच तो बंद केला. तिने रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पायाला काटा रुतल्यासारखं वाटते म्हणाली. मग म्हणाली, "झोप येऊन राहिली," आणि तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. पुढचं तुला माहीत आहे. जीप येईपर्यंत तू पाळीवरून धावत आला होतास. साकोलीच्या वाटेवर तिचं डोकं तुझ्याच मांडीवर होतं.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर आपला दोष कबूल केलास. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर तू सुटला असतास. मी दुसरंच वाक्य बोललो. मला वाटलं, घरात एकाला तरी दोष लागणारच आहे आणि तो तू आपणहून उचललास. मग तू निघून गेलास. त्यानंतर सांगणं दर वर्षी जड होत गेलं. हायमास्ट लावला तेव्हा वाटलं, झालं, फेडलं. लोक त्या दिव्याला हात जोडतात, मीही जोडतो.

रेडिओ त्या दिवसापासून लावला नाही. बॅटरी धान साठवायच्या ढोलीमागे कापडात बांधून ठेवली होती. दिवाळीला तुझ्या वहिनीने रेडिओ उघडला. म्हणाली, "अजी, याच्यात सेल सडून गेले, हिरवं पाणी आलं." ते दोन सेल मी पाहिले आणि मला वाटलं, आता आणखी पुढे ढकलायचं नाही.

तुझ्या येण्या-न येण्याशी या पत्राचा संबंध नाही. दिवा विझो न विझो. तू मायला मारलं नाहीस. उजेड तू अडवला नाहीस, मी काढून घेतला होता.

क्षमा मागण्याचा शब्द मी लिहीत नाही. तो लिहिला तर तुझ्याकडून काही मागितल्यासारखं होईल.

सेवकराम


एकोडी,
१५ मार्च

धनंजय,

तुझं काही आलेलं नाही. यावं अशी अपेक्षाही मी धरलेली नाही. तरी तुला माहीत असावं म्हणून कळवतो.

पत्र पेटीत टाकल्यावर घरी आलो आणि तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. जेवण वाढायची आणि आत जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बायायलेही सांगा. त्यायनं त्याले चवदा वर्स नावं ठेवली."

तेरा तारखेला संध्याकाळी बाया दिव्याखाली जमल्या होत्या. मी बॅटरी घेऊन गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. सगळं, जसं तुला लिहिलं तसं. परसराम पेटीपाशी होता, तो खाली बसला.

मग सुलोचनाबाई म्हणाली, "हे पोटात ठेवून तुमी मायच्या नावानं पिंड पाडून राहिले?"

मी हो म्हटलं.

"तिनं खाल्ले असतीन काय जी ते?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बायांकडे वळली. "पाडव्याले मोहा उजाडल्यावर वेचू. एक दिवस गाईनं खाल्ला तं खाल्ला. पण परसराम, पावणेपाच म्हंजे पावणेपाच, तुमच्या सरकारी घड्याळातले नाही." मग माझ्यापुढे हात केला. "ते बॅटरी मले द्या."

मी दिली. काय करणार, विचारलं नाही.

तेव्हा दिवा विझणार आहे. चारही मोटारींवर पोती टाकायचं मालकांनी कबूल केलं आहे. मोहाखालचा पाला यंदा दहा तारखेच्या आतच जाळून घेतला, आता धूर नाही. श्राद्ध १८ला दुपारी. अमावास्या पाडव्याच्या सकाळी सातच्या सुमारापर्यंत आहे. पावणेपाचच्या पुढे पूर्वेला पांढरं व्हायला लागतं, मी चार दिवस पाहून ठेवलं आहे. पाळीचा पश्चिमेकडचा भाग तुझ्यासाठी मोकळा असेल. मी देवळाच्या पायरीवर बसेन. तिथून उठणार नाही.

सेवकराम


एकोडी,
२२ मार्च

धनंजय,

तू आलास. तुझी अट होती म्हणून मी बोललो नाही, आणि जाताना तू बोललास तेव्हा मी जे उत्तर दिलं ते खोटं होतं. म्हणून हे पत्र.

अडीचला परसरामने खटका पाडला. पावणेतीनला शाळेपाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. उजेड दिसला नाही. तू वळणापासूनच गाडीचे दिवे बंद केले असावेत. मग पाळीवरून येणारी पावलं. चालण्यात तू बाबांवर गेला आहेस. माझ्यासमोरून गेलास तेव्हा मी मान खाली घातली होती. तिपाईचे पाय उघडल्याचा आवाज ऐकला आणि मग वर पाहिलं.

त्या रात्रीसारखं आकाश मी पुन्हा पाहीन की नाही, माहीत नाही. लाल ज्येष्ठेच्या डावीकडून आकाशगंगा वर आली होती, आणि पाण्याने भरलेल्या बांध्यांत खालीही तारे होते. तुझ्या कॅमेऱ्याचा बारीक आवाज यायचा, मग अर्धा मिनिट काही नाही, मग पुन्हा आवाज. पलीकडे मोहाची फुलं नव्याने गळलेल्या सुक्या पानांवर पडत होती. टप. टप. चौदा वर्षांपूर्वी तू हेच ऐकत बसला होतास आणि मी घरात झोपलो होतो.

चारच्या सुमाराला वाटेवर कोणीतरी येऊन थांबलं. पांढरं लुगडं तेवढं दिसलं. खरं सांगतो, क्षणभर मला माय वाटली. मग सुलोचनाबाईचा आवाज आला. तुला वाटलं असेल ती मोहावर निघाली होती. नाही. टोपली नव्हती तिच्याकडे. झोप येईना म्हणून आले, असं ती मला नंतर म्हणाली. तिच्या मनात काय होतं ते मला कळत नाही, पण ती बरोबर त्याच जागी येऊन उभी राहिली.

"धन्या, मी सुलोचना काकू. फोटो चालू आहे काय रे?"

तू म्हणालास, "चालू आहे काकू."

"मंग बॅटरी लावू का नको?"

कॅमेरा उघडाच होता, त्याचा मिटल्याचा आवाज आला नव्हता. मी पायरी घट्ट धरून बसलो होतो. मग तू म्हणालास, "लाव. पायाखाली पाहून ये."

तिने खटका दाबला. उजेड पाळीवरून सरकत तुझ्या पायांपर्यंत आला, तिथून पाण्यावर, पलीकडे मोहाच्या बुंध्यापर्यंत. पिवळा, जुना उजेड होता. तुला माहीत असायला पाहिजे, ती बॅटरी मायची होती. काकूने तीत नवे सेल घातले होते. रिकामी राहिली म्हणूनच ती इतकी वर्षं गंजली नाही. सेल सडले ते रेडिओत.

ती तुझ्याजवळ येऊन बसली. तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही, ऐकायचा प्रयत्नही केला नाही. एकदा तुझं हसू ऐकू आलं. निदान मला तसं वाटलं.

पावणेपाचला दिवा लागला. तू सामान आवरलंस आणि माझ्यासमोरून जाताना थांबलास. केस पांढरे झाले तुझे. तू विचारलंस, "भाऊ, माय घरात आली तेव्हा रेडिओवर कोणतं गाणं चालू होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

तू मान हलवलीस आणि गेलास. श्राद्धाचा प्रसाद वहिनीने डब्यात भरून ठेवला होता, तोही राहून गेला.

मला आठवतं. देवाला जागं करायची भूपाळी होती. आणि आधीच्या पत्रात मी लिहिलं की मायने विचारल्याबरोबर मी रेडिओ बंद केला. तसं झालं नाही. शेवटचं कडवं चालू होतं. मी ते संपू दिलं. तिने विचारलं, सेल कोणं काढले, आणि मी हात जोडून, डोळे मिटून भूपाळी संपेपर्यंत बसून राहिलो. ती तेवढा वेळ थांबली. मग मी बटण फिरवलं. आता तुझ्यापासून काही लपवलेलं नाही.

पुढच्या साली तिथी ६ एप्रिलच्या सुमाराला येते. तिथी अमावास्येचीच, चंद्र नसेल. ये असं आत्ता म्हणत नाही. बायांनी आपणहून सांगितलं आहे की त्या रात्री दिवा बंद राहील, तू असलास किंवा नसलास तरी.

एकच मागणं आहे, आणि हे मी मागतो आहे. काकूने बॅटरी लावली तेव्हा तुझा जो फोटो चालू होता, तो उजेडाने बिघडला असेल. त्यात तारे धड दिसत नसतील. तो पुसून टाकू नको. मला पाठव.

तुझा भाऊ,
सेवकराम